सर्व्हर बसला तर पुढे काय? स्टँडबाय डेटाबेसवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात डिझास्टर रिकव्हरीवर (डीआर, म्हणजे सर्व्हर गेल्यावर काम परत उभं करणं) जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेल आले की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय. स्टँडबाय म्हणजे मुख्य डेटाबेसची (प्रायमरीची) दुसऱ्या मशीनवर सतत ताजी होत राहणारी प्रत. बरेचसे प्रश्न पोस्टग्रेस या डेटाबेसचे आहेत, एक ओरॅकल डेटाबेसचा, आणि एक चक्क अकाउंट्समधून आलाय. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे छापलीत, टाईप करताना नेहमीच्याच स्पेलिंगने करा. पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत कारण काही जणांनी कंपनीचा ॲडमिन पासवर्ड कुठल्या वहीत लिहिलेला असतो तेही प्रामाणिकपणे कळवलंय.

प्रश्न: सर नमस्कार, भोसरी एमआयडीसीत आमचं ऑटो पार्ट्सचं युनिट आहे, मी तिथे आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरच्या कार्ट्रिजपासून ईआरपीपर्यंत (बिलं, स्टॉक, डिस्पॅचचं सॉफ्टवेअर) सगळं मीच. ईआरपीचा डेटाबेस पोस्टग्रेस १५ वर आहे, २०० जीबीच्या आसपास, आणि सर्व्हर एकच. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये डीआर काय आहे असं विचारलं तर मालकांनी लगेच तसाच दुसरा सर्व्हर मागवला. आता म्हणतात याच रॅकमध्ये लाव आणि स्टँडबाय कर. मला वाटतं चाकणच्या गोडाऊनला ठेवावा. कुठे ठेवू आणि सुरुवात कशी करू? (भोसरी)

उत्तर: चाकणलाच न्या. एकाच रॅकमध्ये ठेवला तर डिस्क गेली, मदरबोर्ड गेला एवढ्यातून सुटाल, पण शेडला आग लागली, युपीएसने दोघांना एकदम झटका दिला किंवा पाणी शिरलं तर दोन्ही सर्व्हर बरोबरच जाणार. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधे स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर अख्खं जळालं, शेजारच्याचाही काही भाग गेला, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचे सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही गेले. एवढं लांब कशाला जायचं, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा कसा घुसला किंवा जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगची काय अवस्था झाली ते आपण बघितलंय, तरी अजून लोक सर्व्हर रूम बेसमेंटलाच काढतात, तिथे गार राहतं म्हणून. चाकणला निदान पहिला मजला बघा, आणि इंटरनेटची लाईन भोसरीला ज्या कंपनीची आहे तिचीच घेऊ नका. वेगळ्या कंपनीची घेतली तरी विचारा की केबल कुठून येते, कारण दोघांच्या केबल एकाच खड्ड्यातून आल्या असतील तर जेसीबी दोन्ही एकदम तोडतो, पुण्यात रस्ते किती वेळा खणतात हे काय वेगळं सांगायचं.

काम सुरू करायच्या आधी मालकांकडून दोन आकडे घ्या आणि मेलवर घ्या. सर्व्हर गेला तर डिस्पॅच किती वेळ थांबलेलं चालेल, आणि शेवटच्या किती मिनिटांच्या एंट्र्या गेल्या तर चालतील. पहिलं उत्तर शून्य असं येईल, सगळे मालक शून्यच म्हणतात, मग शून्याचं कोटेशन दाखवायचं की पंधरा मिनिटांवर येतात. हा आकडा नसेल तर पुढचं काहीच ठरवता येत नाही, आणि सर्व्हर बसल्यावर जो आरडाओरडा होतो तो बहुतेक वेळा याच आकड्यावरून होतो.

आता प्रत्यक्ष काम. दोन्हीकडे पोस्टग्रेसचं मेजर व्हर्जन एकच हवं, कारण स्ट्रीमिंग रेप्लिकेशनमध्ये डिस्कवरच्या ब्लॉकमध्ये झालेले बदल जसेच्या तसे पलीकडे जातात, इकडे १५ आणि तिकडे १७ असं चालत नाही. ओएसही तोच ठेवा, आणि हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. लिनक्समध्ये जीलिबसी नावाची लायब्ररी असते, तिच्या २.२८ व्हर्जनमध्ये अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. जुना सर्व्हर सेंटओएस ७ वर आणि नवा रॉकी ९ वर असेल तर इंडेक्स (शोधायची सूची) बांधलाय जुन्या क्रमाने आणि शोधणारा शोधतोय नव्या क्रमाने. एरर काही येत नाही, फक्त एखाद्या पार्टीचं नाव टाकलं की रेकॉर्ड सापडत नाही, आणि हे कळणार कधी तर खऱ्या संकटात स्टँडबायवर गेल्यावर.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो, त्याला वॉल म्हणतात. भोसरीच्या सर्व्हरवर वॉल लेव्हल ‘रेप्लिका’ लागते, ती १० व्या व्हर्जनपासून मुळातच तशी असते, कुणी बदलली नाही ना तेवढं बघा. रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर काढा, कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी एचबीए फाईलमध्ये त्याची ओळ टाका आणि तिथे डेटाबेसच्या जागी ‘रेप्लिकेशन’ असंच लिहायचं, ‘ऑल’ लिहिलं तर ते रेप्लिकेशनला लागू होत नाही आणि माणूस अर्धा दिवस फायरवॉलला शिव्या देत बसतो. मधली लाईन व्हीपीएनवरून न्या, पोस्टग्रेसचा पोर्ट इंटरनेटला उघडा टाकू नका.

मग पीजी बेसबॅकअप, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची पहिली कॉपी काढणारी कमांड. २०० जीबी ५० एमबीपीएसच्या लाईनवरून न्यायचे तर हिशोबाने ९ तास लागतात, तेही लाईन पूर्ण मिळाली तर. त्यापेक्षा नवा सर्व्हर आधी भोसरीतच लॅनवर जोडा, गिगाबिट स्विच असेल तर अर्ध्या-पाऊण तासात कॉपी होते, डॅश कॅपिटल आर दिलं की स्टँडबाय डॉट सिग्नल फाईल आणि जोडणीची ओळ आपोआप तयार होते, एकदा चालू करून बघा, नीट बंद करा, गाडीत घाला, चाकणला जाऊन नुसता पत्ता बदला, की मधल्या वेळेतलं सगळं तो खेचून घेतो. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास गेले तरी बिघडत नाही, फक्त आधी रेप्लिकेशन स्लॉट बनवून ठेवलेला हवा. नेटवर अजून रिकव्हरी डॉट कॉन्फ फाईल बनवायला सांगणारे लेख सापडतात ते सोडून द्या, १२ व्या व्हर्जनपासून ती गेली आणि चुकून ठेवलीत तर सर्व्हर सुरूच होत नाही.

स्लॉटबद्दल सावध. स्टँडबाय कुठवर पोचलाय हे प्रायमरी स्लॉटमध्ये लक्षात ठेवते आणि त्याला लागणाऱ्या वॉल फाईल्स फेकत नाही. चांगलंच आहे, पण बुधवारी संध्याकाळी चाकणची लाईन गेली, गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, कुणी बघितलं नाही, तर १६-१६ एमबीच्या फाईल्स साठत साठत भोसरीची डिस्क भरते आणि चालू असलेला मुख्य सर्व्हरच बंद पडतो. त्यासाठी १३ पासून मॅक्स स्लॉट वॉल कीप साईझ नावाची सेटिंग आहे, मुळात तिला मर्यादाच नसते, ती डिस्कच्या हिशोबाने टाका. मर्यादा ओलांडली तर स्टँडबाय परत बांधावा लागेल, लागू दे, कारखाना तरी चालू राहील.

अजून दोन बारीक गोष्टी. उबंटूवर पोस्टग्रेसच्या सेटिंगच्या फाईल्स ईटीसी फोल्डरमध्ये असतात, त्या बेसबॅकअपमध्ये येत नाहीत आणि नंतरही त्यातले बदल आपोआप जात नाहीत, त्यामुळे प्रायमरीवर मॅक्स कनेक्शन्स वाढवलं तर स्टँडबायवर आधी वाढवा, तिथे आकडा कमी असला की तो अडून बसतो. आणि लॅग, म्हणजे स्टँडबाय किती मागे आहे ते, बघताना फसू नका. प्रायमरीवर पीजी स्टॅट रेप्लिकेशन नावाचा तक्ता बघायचा. स्टँडबायवर शेवटचा व्यवहार कधी लागला ती वेळ बघणारी क्वेरी सगळे वापरतात, पण रात्री कुणी एंट्रीच केली नाही तर ती सकाळी आठ तासांचा लॅग दाखवते आणि फुकट धावपळ होते.

हे सगळं झालं तरी तुमचा फक्त डेटाबेस पलीकडे गेलाय, ईआरपी नाही. बिलांच्या पीडीएफ आणि ड्रॉइंग कुठल्या फोल्डरमध्ये आहेत? ॲप्लिकेशन सर्व्हर कुठे आहे? ईआरपीचं लायसन मशीनच्या मॅक ॲड्रेसला बांधलंय का, की यूएसबी डोंगल आहे जो भोसरीच्याच सर्व्हरला खुपसलेला आहे? रात्री आपोआप चालणारे क्रॉन जॉब? क्लायंट मशीनवर आयपी ॲड्रेस ठोकून बसवलाय का नाव दिलंय? नाव असेल तर एका ठिकाणी बदलून भागतं, आयपी असेल तर त्या दिवशी तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन चाळीस टेबलं फिराल. याची यादी आजच करा, डेटाबेसपेक्षा जास्त वेळ यातच जातो.

प्रश्न: आमची पॅथॉलॉजी लॅब आहे, चार सेंटर. रोज रात्री बॅकअप घेतो. आता स्टँडबाय लावल्यावर बॅकअप बंद केला तर चालेल का? डिस्कचा खर्च तेवढाच वाचेल. (कोथरूड)

उत्तर: नाही, अजिबात नाही. कुणी डिलीट मारताना व्हेअर (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) लिहायला विसरलं तर ते डिलीट स्टँडबायवर सेकंदाच्या आत पोचतं, तो बिचारा आज्ञाधारक असतो. रॅन्समवेअरचंही तेच, दोन्ही मशीनला एकच ॲडमिन पासवर्ड असेल तर दोन्ही एकाच रात्री लॉक होतात.

गिटलॅब या कोड ठेवायच्या साईटची ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट वाचण्यासारखी आहे, त्यांनी स्वतःच ती सगळी जाहीर केली. स्टँडबाय मागे पडला होता, तो परत बांधायला इंजिनिअर बसला, आणि स्टँडबायची म्हणून जी डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली ती निघाली प्रायमरीची. लक्षात येईपर्यंत ३०० जीबीपैकी जवळजवळ सगळं गेलं होतं. मग बॅकअप शोधले तर रोजचा पीजी डंप (डेटाबेसचा बॅकअप) कित्येक दिवस होतच नव्हता, डेटाबेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो एरर देऊन बंद व्हायचा, आणि तसा मेल यायचा तो मेल सर्व्हरच नाकारत होता. वाचले कशावर, तर योगायोगाने सहा तास आधी कुणीतरी टेस्टिंगसाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर. सहा तासांचा डेटा गेलाच.

तुमच्यासाठी सांगायचं तर रात्रीचा बॅकअप चालू ठेवा, त्याच्या जोडीला वॉल फाईल्स वेगळ्या साठवून ठेवा (आर्काइव्ह करा) म्हणजे दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी चूक झाली तर २.३९ पर्यंतचं परत आणता येतं. निदान एक प्रत अशा ठिकाणी जिथे तुमच्या नेहमीच्या ॲडमिन लॉगिनने पुसताच येणार नाही. जागा असेल तर तिसरं एक मशीन मुद्दाम मागे ठेवलेलं, रिकव्हरी मिन अप्लाय डिले नावाची सेटिंग आहे, ती चार तास दिली की ते कायम चार तास मागे चालतं आणि कुणी हात मारला तर थांबवून जुना डेटा काढता येतो. आणि महिन्यातून एकदा बॅकअप रिस्टोअर करून एका पेशंटचा जुना रिपोर्ट उघडून बघा. बॅकअपची फाईल रोज तयार होते एवढ्यावर जाऊ नका, गिटलॅबमध्येही तसंच समजत होते.

प्रश्न: आमच्या सरांना झिरो डेटा लॉस हवाय. सिंक्रोनस रेप्लिकेशन लावलं की झालं ना? प्रायमरी पुण्यात आहे, स्टँडबाय हैदराबादला ठेवायचा विचार आहे. (बाणेर)

उत्तर: झालं, पण कशाच्या बदल्यात ते सरांना माहीत हवं. सिंक्रोनस म्हणजे पुण्यातला प्रत्येक कमिट (व्यवहार पक्का होणं) हैदराबादहून ‘मिळालं’ असं उत्तर आल्याशिवाय पुरा होणार नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो, हैदराबाद सरळ रेषेतच ५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ५ मिलिसेकंद तर निसर्गच खातो, वरून राउटर वगैरे धरून १० धरा. एका बिलाला दहा मिलिसेकंद कुणाला कळणार नाहीत. पण तुमचं ॲप ५० हजार ओळींचं इम्पोर्ट ओळीला एक कमिट अशा पद्धतीने करत असेल तर नुसतं वाट बघण्यात ५०० सेकंद गेले.

दुसरं जास्त त्रासाचं आहे. एकच सिंक्रोनस स्टँडबाय आहे आणि त्याची लाईन गेली, तर पुण्यातले कमिट लटकतात. एरर नाही, काही नाही, स्क्रीन नुसती फिरत राहते. म्हणजे एक मशीन होतं तेव्हा एकाच्या बिघाडाने काम थांबत होतं, आता दोनपैकी कुणाच्याही बिघाडाने थांबतं. म्हणून सिंक्रोनस करायचं तर दोन स्टँडबाय ठेवून ‘दोघांपैकी कुणीही एक’ अशी सेटिंग करतात, १० पासून ती सोय आहे. सेबीने शेअर बाजारांना सांगितलेली रचना बघा, शून्य डेटा लॉससाठी एक जवळची साईट, आणि डीआर वेगळ्या भूकंप झोनमध्ये, ते जमत नसेल तर निदान ५०० किलोमीटर लांब. जवळ सिंक्रोनस आणि लांब असिंक्रोनस (पलीकडच्या उत्तराची वाट न बघणारं), हे शहाणपणाचं आहे, पण तीन जागांचा खर्च आहे. तुमच्या मेलवरून धंदा बुकिंग ॲपचा दिसतोय, माझ्या मते हैदराबादला असिंक्रोनस ठेवा, लॅग पाच-दहा सेकंदांच्या वर गेला की फोनवर अलर्ट, आणि वाचलेल्या पैशात दुसरी लाईन घ्या.

प्रश्न: मी अकाउंट्सला आहे, कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. महिन्यापूर्वी आमचा सर्व्हर बंद पडला आणि आयटीवाल्यांनी दुसऱ्या सर्व्हरवर काम सुरू करून दिलं, छान झालं, पण सेल्स बिलाचा नंबर एकदम तीसेकने पुढे गेलाय. मधली बिलं कुणी डिलीट केली असं सीए विचारतायत. आयटीवाले म्हणतात आम्ही काहीच केलं नाही. कुणाचं खरं? (सदाशिव पेठ)

उत्तर: ताई किंवा दादा, मेलवरून कळलं नाही, पण आयटीवाल्यांचं बहुतेक खरं आहे. डेटाबेस पोस्टग्रेस असेल आणि बिल नंबर ‘सीक्वेन्स’मधून, म्हणजे डेटाबेसच्या नंबर देणाऱ्या सोयीतून, येत असेल तर हे व्हायचंच. प्रत्येक नंबरची नोंद वॉलमध्ये करत बसायला वेळ जातो म्हणून पोस्टग्रेस एकदम पुढच्या ३२ नंबरांची नोंद करून ठेवतो. मुख्य सर्व्हर गेला की स्टँडबायला ती पुढची नोंदच माहीत असते, तो तिथून सुरू करतो. मधले नंबर कुठल्याच बिलाला दिलेले नव्हते. जीएसटीच्या नियमात बिलाला सलग क्रमांक लागतो, त्यामुळे सर्व्हर कधी बदलला याची तारीख-वेळ, आधीचा शेवटचा नंबर आणि नंतरचा पहिला नंबर असं एक पत्र आयटीकडून सहीने घेऊन फाईलला लावा, सीएंना तेच हवं असतं.

खरी तपासायची गोष्ट उलटी आहे आणि ती कुणीच तपासत नाही. स्टँडबाय असिंक्रोनस असेल तर सर्व्हर गेला त्या शेवटच्या काही सेकंदांतली बिलं तुमच्या सिस्टीममधून गेलेली असू शकतात, पण त्यांचा ई-इनव्हॉइस पोर्टलवर तयार होऊन बसलाय आणि माल ट्रकमध्ये चढून गेलाय. (५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस आहेच.) आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नंबर, तयार होतो तो तुमचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांच्यावरून, म्हणजे तोच बिल नंबर दुसऱ्या पार्टीला दिला की पोर्टल डुप्लिकेट म्हणून परत पाठवतं. काही ईआरपी सीक्वेन्स न वापरता ‘शेवटचा नंबर अधिक एक’ असं करतात, त्यांना हा फटका हमखास. म्हणून सर्व्हर पलटल्यावर पहिलं बिल काढायच्या आधी पोर्टलवरची त्या दिवसाची यादी आणि सिस्टीममधली यादी शेजारी ठेवून जुळवा. हे काम आयटीचं नाही, तुमचंच, आणि डीआरच्या कागदात तुमचं नाव त्यापुढे लिहिलेलं असलं पाहिजे.

प्रश्न: फेलओव्हर (प्रायमरी गेल्यावर स्टँडबायला मुख्य करणं) ऑटोमॅटिक करावा का हाताने? टीममध्ये भांडणं चाललीत. (खराडी)

उत्तर: दोनच जागा असतील तर हाताने. कारण सोपं आहे, स्टँडबायला प्रायमरी दिसेनाशी झाली म्हणजे ती मेली का मधली लाईन तुटली हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. लाईन तुटलेली असताना तो स्वतःला मुख्य समजून बसला तर दोन मुख्य झाले, दोन्हीकडे एंट्र्या पडल्या, आणि त्या नंतर कुणी एकत्र करायच्या? पट्रोनी वगैरे ऑटोमॅटिक फेलओव्हरचं सॉफ्टवेअर वापरायचं तर मत द्यायला तिसरी जागा हवी, दोन जागांत बहुमत होत नाही.

आणि तिसरी जागा असूनही होतं काय ते गिटहब या कोड ठेवायच्या साईटने दाखवलंय. २१ ऑक्टोबर २०१८ ला नेटवर्कचं एक उपकरण बदलताना त्यांच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला, फक्त ४३. ऑटोमॅटिक यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरचे मायएसक्यूएल डेटाबेस मुख्य करून टाकले. पूर्वेला तेवढ्यात पडलेल्या काही नोंदी पश्चिमेला गेल्या नव्हत्या, इकडे नव्या पडायला लागल्या. सेवा पूर्ण सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. मी त्या टीमला नावं ठेवत नाहीये, ऑटोमॅटिकने सांगितलेलं काम चोख केलं, एवढ्या लांब फेलओव्हर करायचा का हे मात्र माणसाने ठरवायला हवं होतं.

तुमच्या भांडणावर माझा तोडगा, एकाच इमारतीतल्या दोन मशीनमध्ये ऑटोमॅटिक ठेवा, शहराबाहेर जाताना माणूस ठेवा. माणूस म्हणजे नाव लिहून, रात्री दोनला फोन उचलणारा, आणि तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण तेही. स्टँडबाय प्रमोट (म्हणजे मुख्य) करायच्या आधी जुनी प्रायमरी खरोखर बंद केली का हे त्यानेच बघायचं, वीज तोडा नाहीतर नेटवर्कची वायर काढा, ‘बहुधा बंद आहे’ हे चालणार नाही.

प्रश्न: ओरॅकल स्टँडर्ड एडिशन आहे, डेटा गार्ड (ओरॅकलची स्टँडबायची सोय) मिळेल का? (हडपसर)

उत्तर: नाही, डेटा गार्ड एंटरप्राइज एडिशनबरोबर येतं. स्टँडर्डवर हाताने करता येतं, आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप प्रोग्रामने कॉपी बनवायची, आर्काइव्ह लॉग (बदलांच्या नोंदीच्या फाईल्स) दर दहा-पंधरा मिनिटांनी स्क्रिप्टने पलीकडे टाकायचे आणि लावत राहायचं, म्हणजे तेवढ्या मिनिटांचा डेटा जाऊ शकतो हे धरून चाला. सुरुवातीलाच फोर्स लॉगिंग चालू करा, नाहीतर नोलॉगिंगने, म्हणजे लॉगमध्ये नोंद न करता, केलेले लोड स्टँडबायवर पोचतच नाहीत आणि ते ब्लॉक खराब निघतात. पुढेमागे एंटरप्राइज घेतलंत तर एक ध्यानात ठेवा, स्टँडबाय वाचायला उघडा ठेवून वर लॉगही लावत राहणं हे ॲक्टिव्ह डेटा गार्ड, त्याचं लायसन वेगळं, आणि चुकून वापरलं तरी डेटाबेस त्याची नोंद ठेवतो.

प्रश्न: सगळं लावून वर्ष झालं, एकदाही स्टँडबायवर जाऊन बघितलेलं नाही. मॅनेजर म्हणतात चालू गाडीला हात कशाला लावायचा. त्यांना काय सांगू, आणि ड्रिल करायचीच तर कशी? (पिंपरी)

उत्तर: डिकीतल्या स्टेपनीत हवा आहे का हे आपण सगळे लोणावळ्याच्या घाटातच बघतो, मॅनेजर साहेबांचं तेच चाललंय. त्यांचं शेअर बाजारात खातं असेल तर २ मार्च २०२४ चा शनिवार आठवायला सांगा. त्या दिवशी बाजाराने खास दोन सत्रं ठेवली होती, सकाळी सव्वानऊ ते दहा मुख्य साईटवरून आणि साडेअकरा ते साडेबारा डीआर साईटवरून, खरे सौदे, खरे पैसे. आणि त्याआधी २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचं ट्रेडिंग सकाळी ११.४० ला थांबलं ते दुपारी ३.४५ ला सुरू झालं, डीआर साईट असून तिच्यावर गेले नाहीत, त्यावरून बरीच विचारणा झाली. डीआर होता की नाही हा प्रश्न कुणाचा नव्हता, वापरला का नाही हा होता.

तुम्हाला तर एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी आयतीच आहे, फक्त त्या दिवशी महावितरणचं मेंटेनन्स कुठल्या फीडरवर आहे ते आधी बघा, कारण तेही गुरुवारीच निघतं. क्रम असा. सगळ्यांना बाहेर काढा, प्रायमरी नीट बंद करा, घाईने मारू नका, नीट बंद केली की शेवटचं सगळं स्टँडबायला देऊनच ती थांबते. मग दोन्हीकडे पीजी कंट्रोलडेटा कमांड चालवून शेवटच्या चेकपॉइंटचा (सगळं डिस्कवर उतरल्याची खूण) आकडा जुळतोय का बघा, जुळला म्हणजे एकही नोंद मागे राहिलेली नाही. आता स्टँडबाय प्रमोट करा आणि घड्याळ लावा. पण घड्याळ प्रमोट झाल्यावर थांबवू नका, ते काही सेकंदांचं काम आहे, स्टोअरच्या माणसाने खरी गेट एंट्री करून चलन छापून दाखवलं की थांबवा. तिथेच कळतं की प्रिंटर जुन्या आयपीवर आहे.

मॅनेजरना दाखवायचा आकडा हाच, आणि पहिल्या वेळी तो लाजिरवाणा येतो, येऊ द्या, ड्रिल त्यासाठीच असते. जमलं तर लगेच परत फिरू नका, शुक्रवारचा अख्खा दिवस स्टँडबायवरच काम चालवा. महिनाअखेरचा रिपोर्ट तिकडच्या छोट्या रॅमवर चालतो का, रात्रीचा बॅकअप नव्या जागेहून निघतो का, हे दोन तासांच्या ड्रिलमध्ये दिसत नाही.

परत येताना जुनी प्रायमरी नीट बंद केलेली असल्यामुळे तिच्यात स्टँडबाय डॉट सिग्नल ठेवून, जोडणीचा पत्ता देऊन सुरू केली की ती मुकाट्याने स्टँडबाय होते. खऱ्या संकटात ती धाडकन गेलेली असते, तेव्हा तिला मागे नेऊन नव्या प्रायमरीशी जुळवणारं पीजी रिवाइंड लागतं, आणि ते चालायला चेकसम किंवा वॉल लॉग हिंट्स यापैकी एक सेटिंग आधीपासून चालू असावी लागते, ती आजच बघून ठेवा. स्लॉट मात्र आपोआप पलीकडे जात नाही, नव्या प्रायमरीवर तो हाताने बनवायला लागतो, आणि तिथली डिस्क लहान असेल तर त्याची मर्यादाही त्या डिस्कच्या हिशोबाने.